सगळीकडे नो

हॅवलॉक, अंदमान
२१ एप्रिल २०२५

ती. ताईस,
पोपटचा साष्टांग नमस्कार.

वर 'सौ.' लिहून खोडलंय ते तुला दिसेलच. हाताला सवय होती. नवं पान घेणार होतो, पण परत पहिल्यापासून सुरू केलं असतं तर हे पत्र झालंच नसतं.

मी इथे ठीक आहे. तू कशी आहेस हे विचारायला हात धजत नाही, तरी विचारतो. स्पृहाचा नववीचा निकाल लागला का? अण्णांना खराडीत त्याच कंपनीच्या गेटवर ठेवलंय की बदललं? त्यांना म्हणावं उन्हाचं उभं राहू नका, केबिनमध्ये बसा, साहेबलोक काय गाडीतून उतरून बघत नाहीत वॉचमन कुठे आहे ते.

तू फोन घेत नाहीस. तीन रिंगा होऊन कट होतो म्हणजे तू बघतेस आणि कापतेस. बोलून पाठवलेले मेसेजपण ऐकले नाहीस. म्हणून हे पत्र. माझं अक्षर तुला माहीत आहे, हसू नकोस. इथल्या पोस्टातला माणूस म्हणाला, येरवड्याला आठ-दहा दिवसांत जाईल.

इथला सीझन आता संपत आलाय. पुढच्या महिन्यात वारा फिरला की बोटी बंद होतील. पाणी अजून स्वच्छ आहे. कालच चेन्नईचं एक कुटुंब आलं होतं, त्यातली आजी पासष्ट वर्षांची, ती डाइव्ह करून आली आणि वर येऊन सगळ्यांच्या पाया पडायला लागली. आम्ही सगळे हसलो. म्हणजे बाकीचे हसले.

मी आता पाण्यात फारसा उतरत नाही. दुकानाच्या मागे काम असतं.

दाजींबद्दल मी काय लिहू. दीनानाथकाकांनी सगळं सांगितलं असेल. ते सोबत होते, बॉडीबरोबर तेच आले. मंडईतल्या बाकीच्या लोकांनीपण खूप केलं. नारळवाले दीनानाथकाका एरवी तोंडाने फटकळ, पण त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान पोरासारखे रडत होते.

समुद्राचं काही सांगता येत नाही, ताई. आमचा दुसरा इन्स्ट्रक्टर आहे ना, अर्णव, इथलाच बंगाली पोरगा, तो म्हणाला की लाखात एखाद्याला असं होतं. वर येताना छातीत हवा अडकते. त्यानेच दाजींना खाली नेलं होतं, टाकी मागून धरून, एक क्षणही सोडलं नाही. फार खोलपण नाही, आपल्या इमारतीचे दोन मजले असतील तेवढंच. त्याची काही चूक नाही.

दाजी वर आले तेव्हा हसत होते. एवढं मात्र तुला सांगायचं होतं. मी किनाऱ्यावरच होतो.

मी मातीला आलो नाही याचा तुला राग असणार. तिकीट मिळालं नाही. आणि पोलिसांनी सांगितलं होतं बेट सोडू नकोस, जबाब घ्यायचाय. तेराव्याला निघेन म्हणत होतो, पण तेव्हाही जमलं नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तेरावा होता ना. मी इथे त्या दिवशी जेवलो नाही, एवढंच केलं.

त्यांच्या मोबाइलमधले फोटो स्पृहाला काढून घेता येतील. लॉक तिच्या वाढदिवसाचा आहे, त्यांनीच मला सांगितलं होतं. बॅगेत लाकडी कासव आहे, ते त्यांनी तुझ्यासाठी घेतलं. दुकानदाराशी अर्धा तास घासाघीस केली. मी म्हटलं, दाजी, ही मंडई नाही. तर म्हणाले, अरे जिथे वजनकाटा नाही तिथे तर जास्तच करावी लागते.

अजून बरंच लिहायचं होतं पण कंप्रेसर थांबलाय, बघायला जावं लागेल.

स्पृहाला सांग मामाने विचारलंय. अण्णांना नमस्कार. फोन नाही घेतलास तरी चालेल, पत्राचं उत्तर दे.

तुझा
पोपट


हॅवलॉक
२ जून २०२५

ताई,

दाजी खोटं बोलले नाहीत.

हे पहिलं लिहितो, कारण पुढचं वाचता वाचता तू पत्र फाडशील. फाडलंस तरी एवढं वाक्य वाचून झालेलं असेल.

तुझं पाकीट मिळालं त्याला आता तीन आठवडे झाले. तुझ्या आठ ओळी मला पाठ झाल्यात. तुला माहीत आहे मला कविता कधी पाठ झाली नाही, पण हे झालं. "समुद्राचं काही सांगता येत नाही असं लिहिलंस. समुद्राचं राहू दे, माणसाचंच सांगता येत नाही. काकांनी आणलेल्या कागदांत त्यांनी पाण्यात जाण्याआधी भरलेला फॉर्म होता, त्याची झेरॉक्स सोबत आहे. दुसऱ्या पानावर स्पृहाने पेनाने गोल केलाय तो बघ. बारा दिवस मी त्या माणसाच्या छातीतल्या नळीची बाटली सांभाळत बसले होते, आणि हा माणूस लिहितो नो. मासे बघायचे होते साहेबांना! फोटोसाठी खिळा ठोकला होता, तो उपटून टाकला. तू तिथला इन्स्ट्रक्टर, तू तर कागदावर जे लिहिलं तेच धरणार, तुझी काही चूक नाही. त्यांच्याबद्दल परत लिहू नकोस. बाकी खुशाली कळव."

तुझी काही चूक नाही. हे चार शब्द तू नसते लिहिलेस तर मी कदाचित कधीच बोललो नसतो. असा मी आहे.

मग परवा अण्णांचा फोन आला. ते म्हणाले, स्पृहाने दहावीच्या सगळ्या नव्या वह्यांवर नाव लिहिलं, पण मधलं नाव घातलं नाही. क्लासच्या बाईंनी विचारलं तर म्हणाली, मला मधलं नाव नाही. अण्णा म्हणाले, पोरगी रडत नाही रे, रडली असती तर बरं झालं असतं. त्या फॉर्मवरचं इंग्रजी तिनेच तुला वाचून दाखवलं ना? कोलॅप्स्ड लंग. तेच ते दोन शब्द. चौदा वर्षांच्या पोरीला ते वाचता आले.

मला नाही आले.

आता सगळं सांगतो. मध्ये थांबलो तर परत लिहिणार नाही, म्हणून सरळ लिहीत जातो.

मी इन्स्ट्रक्टर नाही. कधीच नव्हतो. मी सिलिंडर भरतो. दुकानामागे पत्र्याच्या शेडमध्ये कंप्रेसर आहे, त्यावर टाक्या भरायच्या, खांद्यावर घेऊन बोटीपर्यंत न्यायच्या, आल्यावर गोड्या पाण्याने धुवायच्या, लोकांचे ओले सूट वाळत घालायचे. तो टी-शर्ट, ज्याच्यावर इन्स्ट्रक्टर लिहिलंय, तो अर्णवचा. वाळत घातला होता. मी घालून फोटो काढला आणि तुला पाठवला. तू लगेच स्टेटसला ठेवलास, खाली लिहिलंस, माझा भाऊ. दुसऱ्या दिवशी सगळ्या आळीने अंगठे पाठवले. मग मी काय सांगणार होतो? खराडीत डिलिव्हरी सोडली, केटरिंग सोडलं, गॅरेज सोडलं, दर वेळी तूच अण्णांना म्हणायचीस, त्याला त्याचं काम सापडलं नाही अजून. म्हटलं, एकदाचं सापडलं असं वाटू दे तिला.

दाजींनाही तेच वाटत होतं. मंडईच्या लोकांची सहल अंदमानला ठरली तेव्हा तू त्यांना माझ्यासाठी पाठवलंस हे मला माहीत आहे. पोरगा खाऊनपिऊन आहे का बघा, नसेल तर कान धरून घेऊन या, असं म्हणालीस ना? त्यांनीच सांगितलं मला. आदल्या दिवशी संध्याकाळी जेट्टीजवळ चहा प्यायलो आम्ही. म्हणाले, "तनुजा म्हणाली घेऊन या. मी म्हणतो आणायचं कशाला? पोरगा मास्तर झालाय. घरी गेलो की सांगतो तिला, आता भावाच्या नावाने रडणं बंद." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि तेव्हा मी सांगायला हवं होतं. चहाच्या टपरीवर आम्ही दोघंच होतो. त्याहून सोपी वेळ मला मिळणार नव्हती.

१९ मार्चला सकाळी नऊला ते सगळे दुकानात आले. चौदा माणसं. मी मागून दोन टाक्या घेऊन येत होतो, हाताला ग्रीस. दाजींनी सगळ्यांच्या देखत मला पुढे ओढलं. "हा माझा मेव्हणा. इथला मास्तर. फॉरेनच्या लोकांना पाण्याखाली शिकवतो."

दीनानाथकाका म्हणाले, "अहो संतोषराव, मास्तर स्वतःच टाक्या उचलतात का इथे?"

दाजी म्हणाले, "काका, मोठा माणूस आपलं काम स्वतः करतो. तुम्ही नाही का अजून नारळ स्वतः सोलत?"

"मी पोरं ठेवली तर ती नारळ सोलण्याआधी मलाच सोलतील, म्हणून," काका म्हणाले. सगळे हसले.

अर्णवला मराठी येत नाही, पण त्याला कळलं. तो चांगला पोरगा आहे ताई. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि माझं तोंड बघून लगेच बोलला, "हाँ हाँ, पॉप सर हमारे सीनियर हैं।" इथे सगळे मला पॉप म्हणतात. आणि मग, माझी लाज राखायची म्हणून, फक्त तेवढ्यासाठी, त्याने फॉर्मचा गठ्ठा माझ्या हातात दिला. "आज फॉर्म पॉप सर कराएँगे।"

रोज ते काम अर्णव करतो. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला तो शेजारी बसवून एकेक प्रश्न हिंदीत विचारतो. एकाला कधी दहा मिनिटं, कधी वीस मिनिटं. दोन पानं आहेत. कुठलंही एक उत्तर 'हो' आलं की डॉक्टरचा कागद आणल्याशिवाय पाण्यात न्यायचं नाही, हा नियम आहे, आणि तो पाळतो. मी ते लांबून बघितलेलं. मला एवढंच माहीत होतं की जे लोक पाण्यात जातात त्यांच्या फॉर्मवर खालपर्यंत सगळीकडे नो असतं. नो मला वाचता येतं. बसवरचा नंबर ओळखू यावा तसा मी तो फॉर्म ओळखायचो. त्यात काय विचारलंय हे कळायची मला कधी गरजच पडली नव्हती.

पाण्यात जाणारे तिघंच होते. बाकीचे तळाला काच असलेल्या बोटीत बसणार होते. काकांचा पुतण्या आमोद आणि त्याचा मित्र, दोघं कॉलेजचे, त्यांनी उभ्या उभ्या फॉर्म भरला. दाजी बाकावर बसले. चष्मा ते हॉटेलवर ठेवून आले होते. तेही मीच सांगितलं होतं, की मास्कमध्ये चष्मा चालत नाही, आणूच नका.

त्यांनी कागद लांब धरून बघितला आणि म्हणाले, "आमोद, बघ रे जरा, काय काय विचारलंय."

आमोद येतच होता. दोन पावलं आला होता. मी म्हणालो, "आणा इकडे दाजी. मी आहे ना."

ताई, इथे मी दोन दिवस थांबलो होतो. वही मिटून ठेवली होती.

मी त्यांच्या शेजारी बसलो. पेन त्यांच्या हातात. मी बोट ठेवत खाली आलो आणि म्हणत गेलो, हे दम्याचं आहे, हे फिट येते का, हे दारू प्यायलात का. सगळं मनाने. अर्णवकडून जे कानावर पडलेलं तेच, वाटेल त्या ओळीवर. ते लिहीत गेले. दुसऱ्या पानावर ते थांबले.

म्हणाले, "पोपट, माझ्या त्या छातीच्या नळीचं काही विचारलंय का यात? डॉक्टर म्हणाले होते, पुढेमागे कुठेही विचारलं तर लपवू नका."

हेच शब्द. त्यांनी स्वतःहून विचारलं. सात वर्षांपूर्वीचा तो बायपासचा अपघात, बरगडी फुफ्फुसात घुसली, तू बारा दिवस बाटली धरून बसलीस, ते सगळं त्यांच्या लक्षात होतं. मासे बघायचे म्हणून ते विसरले नव्हते.

मी कागदाकडे बघितलं. ओठ हलवले, वाचताना हलतात तसे. समोर आमोद उभा होता, काका उभे होते. मी म्हणालो, "नाही दाजी. तसलं काही नाही. सगळीकडे नो लिहा."

ते म्हणाले, "मग काही प्रश्न नाही." आणि त्यांनी गाळ्यावर पाटी लिहितात तशा मोठ्या अक्षरात नो लिहिलं, आणि खाली मराठीत सही केली.

नंतर अर्णवने मला ती ओळ दाखवली. त्यांनी विचारलं तेव्हा माझं बोट त्याच ओळीवर होतं. स्पृहाने गोल केलाय ना, तिथेच.

आता त्या हवेचं काय होतं तेही लिहितो, कारण तुला ते नीट कोणी सांगितलं नसेल. पाण्याखाली घेतलेली हवा वर येताना फुगते. धड छाती असेल तर ती श्वासाबरोबर निघून जाते. जुनी जखम असेल तर तिथे अडकते आणि फाडून बाहेर पडते. लाखात एखाद्याला होतं हे मी तुला लिहिलं ते खरं नाही. ज्याच्या छातीत कधी नळी घातलेली होती त्याला पाण्यात न्यायचंच नसतं. म्हणून तर तो प्रश्न छापलेला आहे.

अर्णव त्यांना घेऊन गेला. मी कमरेइतक्या पाण्यात उभा होतो. पाऊण तासाने वर आले. मास्क काढला तर तोंडभर हसू. म्हणाले, "अरे पोपट, खाली सगळी मंडईच मांडलीये! पिवळे, जांभळे, ढीगच्या ढीग. नुसतं ओरडायला कोणी नाही." चालत किनाऱ्यावर आले. मी त्यांची टाकी उतरवली. तनुजाला आणायला पाहिजे होतं, असं म्हणाले. मग वाळूत बसले आणि म्हणाले, छातीत काहीतरी धरलंय. मग खोकला. फेस आला त्याला लाल रंग होता. अर्णवने ऑक्सिजन लावला, आम्ही जीपमध्ये घातलं, दवाखाना सात किलोमीटर. त्यांनी माझा हात धरला होता. दवाखान्याच्या अलीकडे सुटला.

बस. ते मी लिहू शकत नाही.

दुपारी मालक म्हणाला, पोलीस विचारतील तेव्हा एवढंच सांग की फॉर्म त्याने स्वतः भरला. पोलिसांनी विचारलं, खुद भरा था? मी म्हणालो, हाँ, खुद. हात त्यांचाच होता ना. मी सही केली. आणि ताई, तिकीट मिळालं नाही हेही खोटं. मालक तिकीट काढून द्यायला तयार होता. पोलिसांनीही मला थांबायला सांगितलं नव्हतं. मी विमानतळापर्यंत काकांबरोबर गेलो. काका म्हणाले, चल ना रे पोरा, बहिणीपाशी तूच पाहिजेस. मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढे. तुझ्यासमोर उभं राहिलो असतो तर तू मला जवळ घेतलं असतंस, आणि ते मला सहन झालं नसतं. त्यापेक्षा तुला माझा राग आला तर बरा, असं मी ठरवलं. राग माझ्यावर येईल असं वाटलं होतं. तो दाजींवर जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

अण्णांचा फोन झाल्यावर मी अर्णवला सगळं सांगितलं. दुपारची वेळ होती, दुकानात कोणी नव्हतं. तो कोरा फॉर्म घेऊन आला, मला शेजारी बसवलं, आणि एकेक ओळ हिंदीत वाचून दाखवली, गिऱ्हाइकाला दाखवतो तशी. फेफड़े वाली, म्हणजे फुफ्फुसाची ओळ आली तेव्हा ती त्याने दोनदा वाचली. मग म्हणाला, चल.

आम्ही ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, अढाई महीने बाद याद आया? मी उभाच राहिलो. त्यांनी नवा जबाब घेतला. फॉर्म मी वाचल्याचं नाटक केलं, मला इंग्रजी वाचता येत नाही, मरणाऱ्याने विचारलं होतं, मी नाही म्हणालो, हे सगळं त्यात आहे. अर्णवनेही आपला लिहून दिला. फॉर्म त्याने वाचायला हवा होता, तो त्याने माझ्या हातात दिला, म्हणून आता त्याचा परवाना राहतो की जातो माहीत नाही. त्याची आई माझ्याशी बोलत नाही, पण दोन वेळा ताट वाढते. मालकाने मला काढलं. मी अर्णवच्याच घरच्या पडवीत राहतो. पुढे केस होईल, किंवा होणार नाही. साहेब म्हणाले, बोलावलं की यायचं, तोवर बेट सोडायचं नाही. या वेळी हे खरं आहे.

खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. मला तसं काही झालं नाही. दाजी परत येत नाहीत, अर्णव माझ्यापायी अडकला, तुझा भाऊही आजपासून गेला. समुद्र समोर आहे आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसतो. त्या पाण्यात मी आता काहीच करणार नाही, तुला भीती वाटेल तसंही काही करणार नाही. तेवढीपण हिंमत नाही माझ्यात.

तू मला लहानपणापासून पाठीशी घातलंस. शाळेतून पळालो तरी तू, दुकानातून काढलं तरी तू. जाऊ दे, लहान आहे. या वेळी ते म्हणू नकोस. अण्णांना म्हणू देऊ नकोस. आणि मनातून मला माफ करावंसं वाटलं तर आधी स्पृहाकडे बघ.

मी तुझ्याकडे एकच मागतो, आणि ते माझ्यासाठी नाही. तो खिळा परत ठोक. त्यांचा फोटो लाव. त्या माणसाने तुझ्यापासून काही लपवलं नव्हतं. त्याने विचारलं होतं. भरल्या दुकानात, न लाजता विचारलं होतं, कारण उत्तर देणारा तुझा भाऊ होता.

खालचं वेगळ्या पानावर लिहितोय. ते स्पृहाला दे. तिला वाटलं तर तिने ते कुणालाही दाखवावं.


स्पृहा संतोष वाघचौरे हिला लिहून देतो की,

१९ मार्चला तुझ्या वडिलांनी मला विचारलं होतं की या कागदात छातीच्या नळीचं काही आहे का. ते होतं. मला वाचता आलं नाही. मला इंग्रजी वाचता येत नाही हे मी सांगितलं नाही. मी त्यांना नो लिहायला सांगितलं आणि त्यांनी माझं ऐकलं. तुझे वडील खोटं बोलले नाहीत. जो खोटं बोलला त्याचं नाव खाली आहे. हे माझ्याकडून कोणी सांगून लिहवून घेतलेलं नाही.

पोपट हिंमतराव सोनटक्के